वस्तू दिसते पण टॅप लागत नाही : हिडन ऑब्जेक्ट गेममधला टचचा त्रास, आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

हिडन ऑब्जेक्ट गेम म्हणजे भरगच्च चित्रात लपलेल्या, यादीतल्या वस्तू शोधून त्यांवर टॅप करायचा खेळ. आधी लक्षणं सांगतो, तुमच्या फोनचं दुखणं यात बसतंय का बघा. गेम व्यवस्थित उघडतो, चित्र येतं, खाली यादी येते, कंदील, कात्री, घुबड, चावी. घुबड कपाटावर समोर बसलेलं दिसतंय, त्यावर बोट ठेवलं तर काहीच होत नाही, तीन-चारदा ठेवल्यावर एकदाचं यादीतून जातं. किंवा बोट चावीवर आणि उघडतं शेजारचं पुस्तक. किंवा खालच्या पट्टीतली वस्तू ओढून कुलपावर न्यायची असते ती अर्ध्या वाटेत सुटते आणि परत पट्टीत जाऊन बसते. किंवा हात न लावताच हिंट खर्च होते, नकाशा उघडतो, चित्र आपलं आपण झूम होतं. आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की सकाळी सगळं नीट चालतं, रात्री जेवणं झाल्यावर खेळायला बसलं की त्रास सुरू. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचंच जास्त काम आहे.

गेम उघडतच नसेल, काळी स्क्रीन येत असेल, डाउनलोड मध्येच अडकत असेल तर ते दुखणं वेगळं, नेटचं नाहीतर मेमरीचं, ते इथे नाही.

मालवणच्या जवळ आमची वाडी, आणि हा त्रास मी पहिल्यांदा पाहिला तो आत्याच्या फोनवर. शाळेतून रिटायर झाल्यापासून तिला या गेमचा भारी नाद, शापित किल्ला, जादूगारीण, हरवलेली राजकन्या असलं काही असलं की ती ओटीवर झोपाळ्यावर बसून दोन-दोन तास शोधत असते, आणि तिची नजर इतकी तयार आहे की मला दिसायच्या आत तिला वस्तू दिसलेली असते. एक दिवस फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "झिला, चावी माका दिसता हा, पण हाताक लागणा नाय." तेव्हापासून तिचा फोन चार वेळा, शेजारच्या काकूचा दोनदा, आणि वाडीतल्या आणखी चार-पाच जणांचे फोन याच तक्रारीवर बघून झाले. त्यातला एकच खरोखर दुकानात न्यावा लागला, बाकी सगळे घरी सुटले.

काही तपासायच्या आधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेम अनइन्स्टॉल करू नका आणि सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबू नका. पहिल्या वेळी मी घाईत तेच केलं आणि आत्याचा जवळजवळ संपत आलेला किल्ला पुसला गेला, तिने मला एक शब्द बोलला नाही पण दोन दिवस फोन हातात घेतला नाही, ते मला अजून लागतं. या प्रकारच्या बऱ्याच गेममध्ये तुम्ही कुठवर पोचलात ते फक्त त्याच फोनमध्ये लिहिलेलं असतं. पूर्ण गेम पैसे देऊन उघडला असेल तर 'रिस्टोअर परचेस' दाबून खरेदी परत मिळते, पण खेळून झालेली प्रकरणं खरेदीबरोबर परत येत नाहीत. गेमच्या सेटिंगमध्ये क्लाउड सेव्ह, म्हणजे प्रगती इंटरनेटवर साठवायची सोय, दिसत असेल आणि चालू असेल तरच निर्धास्त राहा. 'क्लिअर कॅशे' चालतं, त्याने प्रगती जात नाही, पण टचच्या त्रासाला त्याचा उपयोगही फारसा नसतो.

आता तपासणी, सोपं आणि फुकट ते आधी.

सगळ्यात पहिलं, ही गेमचीच रीत तर नाही ना ते बघा. यादीत काही नावं वेगळ्या रंगात असतात, त्या वस्तू सरळ उचलता येत नाहीत, आधी काहीतरी करावं लागतं, मेणबत्ती असेल तर काडेपेटी शोधून पेटवायची, फाटलेलं चित्र असेल तर उरलेला तुकडा आणून जोडायचा. मेणबत्ती डोळ्यासमोर आहे आणि टॅप लागत नाही असं वाटतं, पण गेम काडेपेटीची वाट बघत असतो. दुसरं म्हणजे भराभर इकडेतिकडे टॅप केलं तर अनेक गेम शिक्षा म्हणून काही सेकंद टॅप घेतच नाहीत, आणि माणूस तेवढ्यात वैतागून आणखी जोरात आणखी भराभर टॅप करतो, की परत शिक्षा. दहा सेकंद हात काढून घ्या, मग एकदाच शांतपणे बोट ठेवून उचला. कठीण लेव्हल निवडली असेल तर ही शिक्षा जास्त असते, नवीन गेम सुरू करताना सोपी निवडली तर निम्मी तक्रार तिथेच जाते. मी हे पहिलं बघतो कारण यात फोनला हातही लावावा लागत नाही, आणि काकूच्या दोन्ही वेळा एवढंच निघालं होतं.

इथेच एक माहितीची गोष्ट, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हे गेम मुळात कॉम्प्युटरवर माउसने खेळायचे म्हणून आले, बिग फिश गेम्सची मिस्टरी केस फाइल्स ही मालिका २००५ ला सुरू झाली तेव्हा टचस्क्रीनवर हे कोणी खेळत नव्हतं. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीसारख्यांचेही बरेच गेम आधी कॉम्प्युटरवर आणि मग मोबाइलवर आले. माउसच्या बाणाचं टोक सुईएवढं असतं, आपलं बोट नाही. अँड्रॉइडवर अ‍ॅप बनवणाऱ्यांना गूगल सांगतं की बटण साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका, आणि या गेममधली सुई किंवा नाणं फोनच्या स्क्रीनवर २-३ मिलिमीटरचं होतं. म्हणून टच थोडा जरी हलला तरी इथे लगेच कळतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळतच नाही, लोक म्हणतात बाकी सगळं चालतं मग गेमच खराब असणार, तर तसं नसतं. दोन बोटांनी झूम होत असेल तर झूम करून खेळा.

मग हात आणि काच. टचस्क्रीन दाब ओळखत नाही, बोटाची वीज ओळखते, म्हणजे काचेखाली बारीक तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला चार्ज किंचित बदलतो, तेवढ्यावरून फोन ठरवतो बोट कुठे आहे. पाणी वीज वाहून नेतं आणि मीठ असलेलं पाणी जास्तच नेतं. आपल्याकडे मे महिन्यात घामाने आणि जूननंतर दमट हवेने बोट कधी कोरडं नसतं, त्यात मासे साफ करून, नारळ खवून, आंबा कापून हात नुसता पदराला पुसून फोन घेतला की काचेवर एक पातळ थर बसतो आणि फोनला बोट एका जागी न दिसता पसरलेलं दिसतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, स्क्रीन बंद करून मऊ सुती कापड किंचित ओलं करून पुसा, मग कोरड्याने पुसा. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ निघत नाही, ते पसरतं. उलट बाजूही आहे, ज्यांच्या बोटांना कोयती-दोरखंडाने घट्टे पडलेत त्यांचं बोट फोनला नीट लागतच नाही, आमच्या एका मच्छीमार मामांना अंगठ्याने काही होत नव्हतं, करंगळीने सगळं होत होतं. त्यांना स्वस्तातला रबरी टोकाचा स्टायलस, म्हणजे काचेवर टेकवायचं पेन, आणून दिला, आणि बारीक वस्तूंसाठी खरं तर तो सगळ्यांनाच बरा.

आता रात्रीच का होतं ते.

आत्या रात्री खेळते तेव्हा बॅटरी संपत आलेली असते, म्हणून फोन चार्जिंगला लावून खेळते. दिवसा चार्जर नसतो. एवढाच फरक. मी चार्जर काढला, त्रास गेला. लावला, आला. पुन्हा काढला, पुन्हा गेला. बाजारात मिळणारे हलके चार्जर आतले फिल्टर नीट देत नाहीत, त्यामुळे चार्जिंगची वीज फोनपर्यंत स्वच्छ येत नाही, तिच्यात खरखर असते, आणि वर सांगितलं तसं टच हा मुळात अगदी सूक्ष्म विजेच्या फरकावर चालतो, मग फोनला ती खरखरच बोट वाटायला लागते. तुम्ही जमिनीवर अनवाणी बसलात की झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसलात यानेही फरक पडतो, कारण या सगळ्यात तुमचं शरीर आणि जमीन हाही त्या विजेचा रस्ता असतो. आत्याच्या फोनवर लादीवर पाय टेकले की भूत-टॅप, म्हणजे हात न लावता होणारे टॅप, वाढायचे आणि पाय वर घेतले की कमी व्हायचे, मी शेजारी बसून पंधरा मिनिटं फक्त हेच करून बघितलं, पाय खाली, पाय वर. तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं, पण बदल झाला म्हणजे दोष चार्जिंगकडे आहे हे पक्कं. लाइट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर चार्जिंग चालू असतं तेव्हा तर मी हे जास्तच पाहिलंय.

खात्री करायची असेल तर कोणाकडून तरी पॉवर बँक घ्या, तीच केबल लावून पॉवर बँकवर चार्ज करत खेळा. पॉवर बँकवर ठीक आणि भिंतीवरच्या चार्जरवर बिघाड, म्हणजे चार्जर गुन्हेगार. दोन्हीवर बिघाड असेल तर केबल बदलून बघा. नवीन चार्जर घेताना फोनच्या कंपनीचा घ्या, नाहीतर निदान त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि इंग्रजी आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का बघा, तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का तेही तपासता येतं. पण सगळ्यात चांगलं म्हणजे आधी चार्ज करा, मग काढून खेळा. फोनही कमी तापतो, आणि तापलेला फोन स्वतःला हळू करतो त्यामुळे टॅप उशिरा लागतो तेही टळतं.

याच्या जोडीला एक उलटं प्रकरण. चार्जर नाही, फोन गादीवर किंवा उशीवर ठेवलाय आणि नुसत्या एका बोटाने खेळताय, तेव्हा टच कमजोर पडतो, फोन डाव्या हातात धरला की लगेच सुधारतो. कारण तेच, फोन अधांतरी पडतो. फोन हातात धरून खेळा.

पुढचं स्क्रीन गार्ड आणि कव्हर. गार्डची कड उचलली गेली असेल, आत दमट हवा शिरून ढगाळ डाग आला असेल, तर त्या भागात टॅप मरतो, बहुतेक खालच्या कोपऱ्यात, आणि वस्तूंची पट्टी नेमकी खालीच असते. काढून टाका आणि एक दिवस तसाच वापरून बघा. जाड गार्ड ठेवायचाच असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी वाढवायचा पर्याय असतो, सगळ्या फोनमध्ये नसतो, असेल तर चालू करा. कव्हरची कड काचेवर चढत असेल तर तेही काढा, कव्हर काढताना आत कपडा भिजल्यासारखी ओल दिसली तर पुसा आणि थोडा वेळ पंख्याखाली ठेवा.

आता सेटिंग. यात चार गोष्टी बघायच्या, थोड्या डोक्याच्या आहेत पण फुकट आहेत.

फोन बोलायला लागलाय आणि एका टॅपने नुसती चौकट येते, दोन टॅप केल्यावरच काम होतं? मग टॉकबॅक चालू झालंय. ते अंध लोकांसाठी आहे आणि आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली गेली की बऱ्याच फोनवर चालू होतं, तसंच दोन्ही बटणं दाबून बंद करता येतं. दुसरं, अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये मॅग्निफिकेशनचा ट्रिपल टॅप, म्हणजे तीनदा टॅप करून स्क्रीन मोठी करायची सोय, चालू असेल तर फोन प्रत्येक टॅपनंतर थांबून बघतो की अजून दोन टॅप येतात का, म्हणून प्रत्येक वस्तू किंचित उशिरा लागते, मोठी अक्षरं करायच्या नादात नातवंडं हे चालू करून ठेवतात, आत्याच्या तिसऱ्या खेपेला हेच होतं. तिसरं, कडेने बोट सरकवून मागे जायची पद्धत, अँड्रॉइड १० पासून आलेली. वस्तू स्क्रीनच्या अगदी कडेला असेल किंवा पट्टीतली वस्तू खालून वर ओढायची असेल तर फोनला वाटतं तुम्हाला गेममधून बाहेर जायचंय. नेव्हिगेशनमध्ये जाऊन खाली तीन बटणांची जुनी पद्धत लावा, वस्तू अर्ध्या वाटेत सुटायची तक्रार मी बहुतेक वेळा यानेच घालवली. आयफोनवर फोन एकाच गेममध्ये धरून ठेवणारं गायडेड अ‍ॅक्सेस चालू करून खेळलं तर खालून सरकवून गेम बंद होत नाही.

चौथं म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपवर चढून बसणारी अ‍ॅप, डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करणारं, चॅटचा तरंगता गोळा, स्क्रीन रेकॉर्ड करणारं. अँड्रॉइड १२ आलं २०२१ मध्ये, तेव्हापासून असल्या पडद्याआडून जाणारे टॅप फोन सुरक्षेसाठी अडवतो. सेटिंगमध्ये 'दुसऱ्या अ‍ॅपवर दिसण्याची परवानगी' शोधा आणि नको त्यांची काढून टाका. पिवळी स्क्रीन हवी असेल तर फोनची स्वतःची सोय असते, ती वापरा.

एवढं करूनही त्रास आहे, तर आता दोष स्क्रीनमध्ये आहे का ते डोळ्यांनी बघायचं. अँड्रॉइडवर 'अबाउट फोन' मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यातलं फक्त 'पॉइंटर लोकेशन' चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. आता बोट जिथे फिरेल तिथे रेघ उमटते. चार्जर काढून, गार्ड काढून, कोरड्या बोटाने हळूहळू वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जवळजवळ रेघा मारा, अंगणात सडा घालताना जागा सुटू देत नाही तशा. रेघ एका ठराविक पट्ट्यात प्रत्येक वेळी तुटत असेल तर तो पट्टा मेलाय. रेघ नागमोडी थरथरत असेल आणि चार्जर लावल्यावर जास्त थरथरत असेल तर पुन्हा चार्जरकडे जा. आणि फोन टेबलावर ठेवून हात मागे घेतल्यावरही रेघा आपोआप उमटत असतील तर डिस्प्ले नाहीतर त्याला जोडणारी आतली पट्टी गेलीय. हे मी नेहमी फोनने व्हिडिओ काढून ठेवतो, दुकानात गेल्यावर दोष लपून बसतो आणि मग आपल्याला खोटं ठरवलं जातं. बघून झालं की पॉइंटर लोकेशन बंद करा. आयफोनवर नोट्समध्ये चित्र काढायचं पान उघडून ते रंगवून भरा, न भरलेली जागा दिसतेच.

इथपर्यंतच घरचं काम. याच्या पुढे थांबा.

स्क्रीन एका बाजूने उचलल्यासारखी वाटते, मागचं झाकण फुगलंय, फोन टेबलावर ठेवून फिरवला तर गरगरतो, म्हणजे बॅटरी फुगलीय आणि ती आतून डिस्प्ले ढकलतेय. टच त्यामुळे जातो. दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, चार्जिंगला लावू नका, बंद करून कापसाच्या गादीपासून, गवतापासून, गॅसपासून लांब ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी टोचली किंवा वाकवली तर पेट घेते. यात गेम, प्रगती, पैसे कशाचाच विचार करू नका.

फोन पाण्यात पडला, होडीवर लाट आली, पागोळीखाली राहिला, तरी थांबा. बंद करा, चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायची आपल्याकडे घरोघरी पद्धत आहे पण ठेवू नका, अ‍ॅपलने तर स्पष्ट लिहूनच ठेवलंय की तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. खारं पाणी असेल तर घाई जास्त, कारण पाणी सुकलं तरी मीठ आत राहतं आणि दमट हवेतून पुन्हा ओल ओढून घेऊन आतले जोड हिरवे करत जातं, आज चालू झालेला फोन पंधरा दिवसांनी जातो तो असा. उघडून साफ करणारा माणूस हवा.

आणि तिसरं, मेलेला पट्टा किंवा हात न लावता उमटणाऱ्या रेघा. हेअर ड्रायर, उन्हात ठेवणं, काचेवर टिचक्या मारणं, व्हिडिओ बघून स्वतः उघडणं, यातलं काही नको. शिवाय आपोआप टॅप होणाऱ्या फोनवर पैशाची अ‍ॅप असतात, चुकीचा पिन आपोआप पडून फोन लॉक होतो, नको त्याला फोन लागतो, म्हणून असा फोन वापरत राहू नका.

दुकानात न्यायच्या आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे घ्या, सिम आणि कार्ड काढा, गेममध्ये कुठवर आलात त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा. डिस्प्ले ओरिजिनल टाकणार की कॉपी ते आधी विचारा, कॉपी डिस्प्लेवर बारीक वस्तू नीट लागत नाहीत, आमच्या इथे जो एक फोन कुडाळला न्यावा लागला त्यात पहिल्यांदा तसलाच टाकला होता आणि परत बदलावा लागला. दुकानदाराला सांगा की फोन रीसेट करू नका, डिस्प्ले बदलायला रीसेट लागत नाही. युपीआयचा पिन कोणाला देऊ नका. आणि फोन परत मिळाला की तिथेच काउंटरवर उभं राहून गेम उघडा, चारही कोपऱ्यांतल्या वस्तू टॅप करून बघा, खालच्या पट्टीतली एक वस्तू ओढून वर नेऊन बघा, त्यांचा चार्जर लावून पुन्हा एकदा तेच करा, आणि मगच पैसे द्या.